मोबाइलवर व्हिडिओ एडिटिंग : ॲप आधी तपासा, मग शिका

ॲप उतरवलं की आधी दहा सेकंदांची क्लिप घ्या, त्यावर 'किल्ल्यावरचं स्वातंत्र्य' असं लिहा आणि थेट एक्सपोर्ट करा, म्हणजे तयार व्हिडिओ फोनमध्ये साठवा. जोडाक्षरं फुटली, वेलांटी भलतीकडे गेली किंवा कोपऱ्यात वॉटरमार्क (ॲपच्या नावाचा शिक्का) आला, तर इफेक्ट कितीही भारी असोत, ते ॲप आपल्या कामाचं नाही. कधीकधी दोष फॉन्टचा असतो: जुने डीटीपीचे (छपाईच्या मजकूर-मांडणीचे) फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताचे नसतात. मुक्ता किंवा बालू हे युनिकोड फॉन्ट टाकून पाहा. फॉन्ट बाहेरून घेता येतो का, हेही त्यातच कळतं.

काइनमास्टर हे एडिटिंग ॲप ताकदीचं आहे, पण फुकटात वॉटरमार्क सोडतं. व्हीएन हे दुसरं ॲप सोडत नाही, म्हणून नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

एक्सपोर्ट १०८०पी (फुल एचडी), ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चित्रं), बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) १० एमबीपीएस ठेवा; मिनिटाला साधारण ७५ एमबी होतात. त्याहून बारीक ४के कशाला? व्हॉट्सॲप तसंही दाबून टाकतं! लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज जुळेनासे झाले, तर फोनचा बदलता फ्रेम रेट (सेकंदाला कमीजास्त होणाऱ्या फ्रेम) हे नेहमीचं कारण. क्लिपचे छोटे तुकडे करून आवाज पुन्हा जुळवा. आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत गॅलरीतल्या मूळ क्लिप हलवू नका. बरीच ॲप्स त्यांचा फक्त पत्ता लक्षात ठेवतात.