माडांचे खांब

पॅसिफिक महासागरातल्या गुआम या अमेरिकेच्या बेटाच्या उत्तरेला यिगो नावाचं गाव आहे, तिथले लोक जीगो म्हणतात. मावार वादळाच्या पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, मी तिथे जमीनवापराच्या तपासणीला गेलो होतो. उपग्रहाच्या चित्रावर मी काही तुकडे ‘कायमस्वरूपी पिकं’ म्हणून रंगवले होते. एकदा लावली की वर्षानुवर्षं उत्पन्न देणारी माड, विलायती फणस, लिंबू अशी झाडं त्यात धरतात. ती जागेवर आहेत का, एवढंच पाहायचं होतं.

सत्तरी ओलांडलेले एक चामोरो, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आजोबा मला वाट दाखवत पुढे चालले होते. चित्रात जी दाट हिरवाई मी माडांची बाग समजलो, ती निघाली सुबाभूळ. इथे तिला तांगानतांगान म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या लढाईत बेट उघडंबोडकं झालं, तेव्हा माती धरून ठेवायला युद्धानंतर तिचं बी विमानातून टाकलं. चुनखडीच्या जमिनीत ती अशी फोफावली की मोकळी सोडलेली जागा तिचीच होते. गुहागरला शेळ्यांसाठी हाच पाला मी लहानपणी तोडला आहे, आणि तरी ओळखली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या झुडपांतून शेंडे गेलेले माड खांबांसारखे उभे होते. जिवंत होते सहाच, त्यांच्याही झावळ्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या. ही खूण कोकणात कुणालाही कळेल: माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा. गुआममध्ये तो पहिल्यांदा सापडला सप्टेंबर २००७ मध्ये, तुमोनला. सामोआ, फिजीत ज्या विषाणूने त्याला आवर घातला, तो इथल्या भुंग्यावर चालत नाही. आमच्याकडे त्याच्या अळ्या शेणखड्ड्यात सापडतात, इथे वादळात पडलेल्या माडांच्या कुजक्या ओंडक्यांत. २०१५ च्या डॉल्फिन वादळानंतर त्याने कहर केला, आणि मग मावारनेही माड आडवे केले.

“हे माझ्या आजोबांनी लावले,” ते म्हणाले. “हेही धरणार ना?”

मेलेला माड पिकात धरता येत नाही. मी तसं सांगितलं, तेव्हा घसा कोरडा पडला होता. सहा माडांची पट्टी पिकाखाली ठेवली, बाकी तुकडा झुडपांत टाकला.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लिहा. पण मेले किती, तेही लिहा.”

त्यासाठी रकाना नव्हता. दोघांनी मिळून मोजले आणि शेऱ्यात लिहिलं: ४१.

एका ठेंगण्या माडाच्या पोग्याशी, म्हणजे शेंड्यातल्या न उमललेल्या कोवळ्या पानाशी, ताजा भुसा दिसला. वडील करायचे तसं मी तारेला आकडा करून भोकात घातला. भुंगा बाहेर आला, शिंगासकट, अजून पाय हलवत. आजोबांनी तो डब्यात टाकला, जुनं मासेमारीचं जाळं आणलं आणि आम्ही ते कुजक्या ओंडक्यांच्या ढिगावर पसरलं, नवे भुंगे त्यात अडकावेत म्हणून.

त्या रात्री मी माझे उत्तरेकडचे बाकीचे एकोणीस तुकडे रद्द केले आणि जागेवर जाऊन पाहण्याच्या यादीत घातले.