एवढे चष्मे काऊन? विचारलंत म्हणून सांगते

मोजून सात आहेत. फ्रिजवर एक, उशीजवळ एक, पर्समध्ये एक, स्कूटीच्या डिक्कीत एक, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक, बाबांच्या औषधांच्या डब्यात एक आणि सातवा हा गळ्यातला, काळ्या दोरीचा, ज्याच्यावरून सगळ्यात जास्त बोलणी खाते मी. जाऊबाई म्हणतात, "काढ गं ते, आजीबाई दिसून राहिली." ऑफिसातला पोरगा म्हणतो, "मॅडम, बर्डीवर दुकान टाकून राहिल्या का?" (बर्डी म्हणजे आमच्या नागपूरचा सीताबर्डी बाजार.) मुलीला तर लाजच वाटते, "आई, एकच चांगला प्रोग्रेसिव्ह घे ना, प्लीज," म्हणजे दूरचं-जवळचं एकाच काचेतून दिसतं तो. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी विचारलं, एकीने दोरी ओढूनही पाहिली, आणि मी नेहमीसारखं हसून "विसरते हो मी कुठे ठेवला ते, म्हणून" असं सांगितलं. ते खोटं आहे. विसरत बिसरत काही नाही मी. म्हणून एकदाचं लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

चाळिशी लागते म्हणजे काय ते समजावत बसत नाही, तुमच्यातले निम्मे लोक हेसुद्धा मोबाईल हातभर लांब धरूनच वाचून राहिले असतील.

आधी प्रोग्रेसिव्हचं. घेतला होता बाप्पा, साडेआठ हजारांचा. खाली पाहिलं की पायरी तरंगते, बाजूला पाहिलं की भिंत वाकते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले पंधरा दिवस द्या, सवय होते, आणि होतही असेल, माझ्या एका मैत्रिणीला झाली, पण मी सहाव्या दिवशी सीताबर्डी इंटरचेंज मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून उभी राहिले ती राहिलेच, मागून लोक "चला ना ताई" करून राहिले, आणि मला पुढची पायरी कुठे आहे तेच कळेना. तो चष्मा कपाटात आहे. म्हणजे खरं तर आठ झाले. बाकीचे सगळे बर्डीच्या फूटपाथवरचे, दीडशे-दोनशेचे, पावणेदोन नंबरचे. ते घातले तर डोळे खराब होतील असं कोणी सांगू नका, डॉक्टरांना विचारून घेतलेत, माझे दोन्ही डोळे सारखे आहेत, सिलिंडर म्हणजे तिरका नंबर नाही, चालतात. फक्त वर्षातून एकदा डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या म्हणाले, चाळिशीनंतर काचबिंदू सांगून येत नाही. जाते मी.

आता खरं उत्तर.

पंचेचाळिशीच्या जरा आधीच अक्षरं पुसट व्हायला लागली होती आणि तीन वर्षं मी चष्मा केला नाही. कारणं भरपूर होती माझ्याकडे. एक म्हणजे, चष्मा लावला की नंबर वाढत जातो, असं कोणीतरी सांगितलेलं, आणि मी ते आनंदाने धरून बसले. आता माहीत आहे की डोळ्यातलं भिंग वयाने कडक होतं, नंबर तुम्ही चष्मा लावा नाहीतर न लावा, साठीपर्यंत अडीचच्या आसपास जाऊन थांबतो. तेव्हाही कोणाला विचारलं असतं तर कळलं असतं. विचारायचंच नव्हतं. दुसरं, नागपुरात उन्हाला काही कमी नाही. गॅलरीत गेलं की मला सगळं साफ दिसायचं, बिलावरची तारीख, सुईचं नाक, सगळं. लख्ख उजेडात बाहुली बारीक होते आणि बारीक भोकातून बारीक अक्षर स्पष्ट दिसतं, एवढंच ते, पण मी त्यावरून असा निष्कर्ष काढला की माझे डोळे ठणठणीत आहेत आणि घरातले ट्यूबलाईट खराब आहेत. यांनी माझ्यापायी तीन ट्यूब बदलल्या. ऑफिसात एक्सेल १६० टक्क्यांवर ठेवायची, कोणी मागून आलं की पटकन १०० वर आणायची. (हे मी पहिल्यांदाच कबूल करून राहिले.)

आणि तिसरं ते थेंब. २०२४ च्या सप्टेंबरात बातमी आली होती, आठवत असेल, डोळ्यांत थेंब टाका, वाचायचा चष्मा विसरा, भारतात मंजुरी मिळाली. आमच्या फॅमिली ग्रुपवर चार जणांनी टाकली. काही दिवसांतच सरकारने ती परवानगी थांबवली, कंपनीने नको ते दावे केले म्हणून, पण ही बातमी कोणी फॉरवर्ड केली नाही आणि मी दिवाळी त्या थेंबांची वाट पाहण्यात काढली.

१६ नोव्हेंबर, शनिवार. बाबांची शुगरची गोळी संपली होती. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात, खालच्या खोलीत. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी एक, नावाच्या शेवटी एम आणि १. रात्री आठला ऑफिसातून येताना दुकानात गेले, गर्दी होती, नाव सांगितलं, त्याने स्ट्रिप काढली, तोच हिरवा रंग, तेच नाव, पैसे दिले, पर्समध्ये टाकली. शेवटी १ च्या जागी २ होता, म्हणजे दुप्पट ताकदीची. चमकत्या कागदावर, मुंगीएवढा.

रविवार, सोमवार, मंगळवार. मंगळवारी रात्री बाबा अर्धी वाटी खिचडी खाऊन उठले, पोट जड आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान होतं. मतदानाची चिठ्ठी त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलेली, पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला लावलेला.

पहाटे चारला खालून भांडं पडल्याचा आवाज आला. गेले तर बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, बनियन ओलं, म्हणजे आंघोळ केल्यासारखं ओलं, नोव्हेंबरच्या थंडीत. हात थरथरत होते. मला म्हणाले, "घंटा झाली का?" बाबा तीस वर्षं शाळेत शिकवायचे. मग आत्याच्या नावाने हाक मारली मला. बोटाला टोचायलाही ते देईनात, हात मागे घ्यायचे लहान पोरासारखा. शुगरच्या मशीनवर आकडा आला ३९, म्हणजे फारच खाली. ते आकडे मोठे असतात, ते मला चष्म्याशिवाय दिसले.

पाण्यात चार चमचे साखर ढवळली, अर्धं पाणी त्यांच्या छातीवर सांडलं, दुसरा ग्लास केला. पंधरा मिनिटांनी ६२. तोवर यांनी गाडी काढली. रस्ते रिकामे, मतदान केंद्राजवळ पक्षांचे टेबल लावणारी चार पोट्टी तेवढी शेकोटीला बसलेली. धंतोलीत दवाखान्यात दहा मिनिटांत पोचलो. ड्यूटीवर एक डॉक्टर मुलगी होती, माझ्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली गोळ्या आणल्या का. मी डबा दिला. तिने स्ट्रिप उचलली, ना उजेडात धरली ना तिरपी केली, नुसती पाहिली आणि म्हणाली, "काकू, कागदावर एम वन आहे, ही एम टू आहे. कधीपासून देताय?"

रविवारपासून.

"दोन वेळा?"

हो.

तिने लिहून घेतलं. बोलली काहीच नाही. ती आत गेल्यावर मी स्ट्रिप हातात घेतली, लांब धरली, आणखी लांब धरली, हात संपला. मला नुसती चमक दिसत होती.

ही गोळी अंगात बराच वेळ राहते, साखर वर आली तरी परत खाली जाते, म्हणून चोवीस तास ठेवा म्हणाले. दहाच्या सुमाराला परत ५८ झालीच. दुपारपर्यंत बाबा पूर्ण भानावर आले आणि पहिला प्रश्न विचारला, "सहापर्यंत आहे ना मतदान?" १९६७ पासून, तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, बाबांनी एकही मतदान चुकवलेलं नाही, ही त्यांची एकमेव बढाई, सगळ्या पाहुण्यांना पाठ आहे. डॉक्टर नाही म्हणाले. पाचला बाबांनी मला पाठवलं, "तू जा, आपलं एक तरी जाऊ दे." मी गेले, रांगेत उभी राहिले, आले. त्यांनी माझा हात घेतला, बोटावरची शाई पाहिली. "दिलं?" "दिलं." मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

संध्याकाळी पुण्याहून भावाचा फोन. "अगं ताई, नीट बघून द्यायचं ना." त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, तू ये आणि तू दे. हे मी आजही मागे घेत नाही.

दुकानदाराशीही भांडले. चिठ्ठी न पाहता नुसतं नाव ऐकून दिली त्याने. तो म्हणाला, "ताई, बिलावर लिहिलं आहे ना, तुम्ही पाहून घ्यायचं." बिल पाहिलं, लिहिलं होतं, तेही मुंगीएवढंच. आणि कंपन्यांना काय होतं दोन्हीला वेगळे रंग द्यायला? हे सगळं मी भेटेल त्याला सांगत होते तेव्हा. सगळं खरंही आहे. पण तीन दिवस सहा वेळा ती गोळी माझ्या बोटांनी फोडली होती, त्याने नव्हे.

मग बर्डीवर जाऊन एकदम चार घेतले, बाकीचे नंतर वाढले. उत्तर पाहिजे होतं ना, तर हे आहे: "चष्मा जवळ नव्हता" हे वाक्य मला परत कधी म्हणता येऊ नये. कुठेही, कोणत्याही खोलीत.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं, पण तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी. ती म्हणते, शनिवारी गळ्यात चष्मा असता तरी तू वाचलं असतंस का? दोन वर्षं तीच गोळी, तोच हिरवा, कोण वाचतं? तुझं लक्ष पोरीच्या परीक्षेच्या फॉर्मात होतं, भाजी काय करायची त्यात होतं, गुडघ्यात होतं. मी म्हणते वाचलं असतं. ती म्हणते, हट. आणि मला पुढे काही सुचत नाही, कारण दुधाच्या पिशवीवरची तारीख मी अजूनही पाहत नाही, सात चष्मे असून.

हां, पण एक सांगते, सगळं काही रडगाणं नाही. पहिल्या दिवशी चष्मा लावून सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसले तर पानावर पांढरं काहीतरी चाललेलं दिसलं, म्हणजे तीन वर्षं आम्ही काय काय खाल्लं असेल ते देवालाच माहीत. फल्लीदाण्यातला खडा दिसतो. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला तेव्हा मी दोरा परत काढला आणि परत ओवला, उगाच. यांच्या कानावर केस आहेत हे कळलं. माझ्या हनुवटीवरही, असो. आणि संत्रा. डिसेंबरात गच्चीवर उन्हात संत्रा सोलताना साल वाकवली की त्याचा बारीक फवारा उडतो, तो मी विसरूनच गेले होते असा दिसतो, एकेक थेंब. जेवण झाल्यावर मी आणि शेजारच्या काकू पाऊण तास बसतो तिथे, पाठ उन्हाला, फोडीवरच्या पांढऱ्या दोऱ्या एकेक करून काढत. काही काम नसतं त्यात. मला फार आवडतं.

बाबा आता ऐंशी पार आहेत, तब्येत ठीक आहे. त्या रात्रीबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. नातेवाइकांना सांगितलं, "अपचन झालं होतं थोडं." माझ्यासाठी खोटं बोलले ते, आणि मी बोलू दिलं.

पण दवाखान्यातून आल्यावर आठवड्याभरात एकदा मी गोळी आणि स्ट्रिप त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले आणि कपाटाच्या आरशात मला दिसलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, काळ्या मुठीचं जुनं भिंग काढलं, पूर्वी टपालाची तिकिटं पाहायचे त्याने, स्ट्रिप घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरली, नावाच्या शेवटापर्यंत भिंग नेलं. मग गोळी घेतली. भिंग परत जागेवर, रुमालाखाली.

तेव्हापासून मी मोठ्याने वाचते. रोज सकाळी, त्यांच्यासमोर, दोरीचा चष्मा नाकावर चढवून. "बाबा, एम वन." ते म्हणतात, "हो, ठेव." मी वर स्वयंपाकघरात येते. नळ सोडत नाही, कुकर लावत नाही, जरा थांबते. ड्रॉवर वाजतो. मग मी गॅस पेटवते.