तुम्ही विचारलंत म्हणून: उपग्रह असताना दरीत उतरायचं कशाला?

नकाशांचं काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: वरून सगळं दिसत असताना अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनसारख्या ओसाड दरीत मोजणीला माणसं कशाला हवीत?

कारण तिथलं महत्त्वाचं ते सगळं उभं आहे. रेडवॉल हा चुनखडीचा थर घ्या. सुमारे १५० मीटर उंचीचा सरळसोट कडा, मैलोन्‌मैल पसरलेला. नकाशावर तिथे समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टा होतो. उतरणारा त्या पट्ट्यात खिंडार शोधत असतो: कडा ढासळून दगडांची घसरण झालेली जागा, जिथून खाली जाता येतं. ती कधीकधी जेमतेम दहा-पंधरा मीटर रुंद असते. २००० साली स्पेस शटलमधल्या रडारने पृथ्वीची उंची मोजली ती साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. अख्खं खिंडार एका चौकोनात गडप! अरुंद घळींत तर रडारचा किरण पोचतच नाही. आजचं लायडार, म्हणजे विमानातून लेझर सोडून केलेली मोजणी, पुष्कळ बारीक पाहतं, पण कड्याच्या पोटातली कपार त्यालाही वरून दिसत नाही.

म्हणून मला फ्रांस्वा मॅथेस हा नकाशाकार फार मोठा वाटतो. १९०२ साली त्याने प्लेन टेबल (तिपाईवरची सपाट फळी, जिच्यावर जागेवरच नकाशा काढतात) घेऊन इथली मोजणी सुरू केली. एका टोकावरून समोरच्या सुळक्याकडे रेघ, दुसऱ्या टोकावरून पुन्हा रेघ; छेदतात तिथे सुळका. कोरडी हवा, झाडोरा विरळ, त्यामुळे दूरवरचं स्वच्छ दिसतं. पण काठावरून तळाची कोलोरॅडो नदी बरीचशी लपलेलीच राहते. तिची मोजणी करायला १९२३ साली क्लॉड बर्ड्सआय या सर्वेक्षकाची तुकडी होड्यांतून प्रवाहात उतरली.

आणि १९७८ चा ब्रॅडफर्ड वॉशबर्नचा नकाशा जरूर पाहा. हेलिकॉप्टरने सुळक्यांवर उतरून लेझरने अंतरं मोजली, आणि कडे रेखाटले स्वित्झर्लंडच्या नकाशाकारांनी. त्यात खडकाचा पोत दिसतो, कुठे उभा, कुठे पायऱ्यापायऱ्यांचा.

तिथलं टोपोशीट (समोच्च रेषांचा नकाशा) घेऊन उतरणार असाल तर आधी लगतच्या दोन रेषांमधला उंचीचा फरक वाचा. तो ४० फूट असेल, तर ३० फुटांचा कडा दोन रेषांच्या मधे सहज लपतो. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कुणी खूण केली असेल, तरच तो आधी कळतो.