टायर काढून पाट्या काहून?

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये रेसची गो-कार्ट वजनकाट्यावर चढली की बघणारा कुणीतरी विचारतोच, "भाऊ, चांगले टायर काढून ह्या पाट्या काहून लावता?" इंजिनियरिंगची पोरं असली तर 'भाऊ'चं 'सर' होतं, प्रश्न तोच. पाट्या म्हणजे वजन करताना चाकांच्या जागी बसवायचे धातूचे कडक तुकडे. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा निवांत सांगतो.

घरातला चौरंग घ्या. त्याचा एक पाय दोन मिलिमीटर आखूड असला की तो फरशीवर डुगडुगतो. तिरपे दोन पाय भार घेतात आणि उरलेले दोन नुसते टेकतात. तोच चौरंग गादीवर ठेवला तर डुगडुग बंद, पण पाय तेवढाच आखूड. कार्टचा टायर म्हणजे ती गादी.

कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही नसतं. मागचा अ‍ॅक्सल एकसंध, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. म्हणून वळणात आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट वळायचं सोडून नाकासमोर जाते. डाव्या आणि उजव्या वळणात ते सारखंच उचलावं म्हणून चार चाकांखाली चार काटे ठेवून वजन पाहायचं. उजवं पुढचं अधिक डावं मागचं, ही बेरीज एकूण वजनाच्या निम्मी यायला हवी. पुढे साधारण ४० ते ४३ टक्के, बाकी मागे. ड्रायव्हर हेल्मेट घालून सीटवर आणि स्टिअरिंग अगदी सरळ, कारण ते जरा वळलं तरी कॅस्टरमुळे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या मागच्या तिरपेपणामुळे, आकडे पळतात.

आता ह्यात टायर काय घोळ घालतो, ते मी एका मे महिन्यात शिकलो. दुपारभर स्टबच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या आखूड अ‍ॅक्सलच्या, चकत्या खाली-वर करत होतो. संध्याकाळी पाहिलं तर सगळं उलटं! मग ध्यानात आलं की शटरकडचं चाक उन्हात होतं. १२ पीएसआय हवा भरलेला टायर पंचवीसेक अंशांनी तापला की दोन पीएसआय चढतात. मी दिवसभर नागपूरचं ऊन सेट करत बसलो होतो. चूक माझीच, काटे मात्र गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोठ्या काळजीने लेव्हल केले होते, त्याचं हसू येतं अजून.

शिवाय एकाच मापाचे दोन टायर घेरात सारखे निघतीलच असं नाही. चिकट रबर काट्याला धरून बसतं, चाक बाजूला सरकत नाही, फ्रेम ताणलेलीच राहते आणि आकडा भलताच दिसतो. कडक पाटीत हवा नाही, घेर नाही, गादी नाही. पाटीखाली ग्रीस लावलेले दोन पातळ पत्रे ठेवले की ती हवी तशी सरकते. फ्रेमला पीळ पडला असेल, स्टब वाकला असेल, तर टायरवर दबून राहणारा फरक पाटीवर उघडा पडतो.

पोरं एक चूक हमखास करतात: चारही पाट्या एकाच उंचीच्या कापतात. टायरवर १०×४.५०-५ आणि ११×७.१०-५ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा बाहेरचा व्यास, इंचात. म्हणजे पुढच्या पाटीत अ‍ॅक्सलच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर मागच्यापेक्षा अर्धा इंच कमी हवं. सारख्या केल्या तर नाक वर जातं आणि १०४० मिलिमीटर व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) कॅस्टर पाऊण अंशाच्या आसपास बदलतो. मग वजन भलत्याच कार्टचं झालं. मी तर अंदाजाने कापतच नाही. ड्रायव्हर बसवून, रेसची हवा भरून, दबलेल्या टायरची उंची मोजतो आणि मगच लेथवर पाठवतो. जोडीतल्या दोन पाट्या मात्र केसभरही वेगळ्या चालत नाहीत.

कुणी म्हणतं, शर्यत तर टायरवरच होते ना? खरं आहे. एकाच बाजूला वळायच्या ओव्हल ट्रॅकवर तर डाव्या-उजव्या टायरच्या घेरातला फरक हा सेटिंगचाच भाग असतो, तिथे सारख्या पाट्या फसवतील. म्हणून माझ्याकडे शेवटचं वजन टायर चढवून, सावलीत, हवा सारखी करून होतं. तेव्हा आकडे हलले तर मी चकत्यांना हात लावत नाही. आधी टेप घेतो आणि चारही टायरचा घेर मोजतो.