८२५०, ब्रेक आणि बारा व्होल्ट: मिनिक्सच्या सिरीयल पोर्टची पुढची नोंद

गेल्या नोंदीत ज्या पोर्टपुढे मी हात टेकले होते, तो सिरीयल पोर्ट (एका तारेवरून एकेक बिट पाठवणारा जोड) कालपासून ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, सलग चालू आहे. यंत्र तेच आहे: ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर, मिनिक्स १.५ ही युनिक्ससारखी छोटी कार्यप्रणाली आणि ८२५० ही सिरीयल पोर्ट चालवणारी चिप असलेले जुने आय/ओ कार्ड. अर्ध्या तासाने टर्मिनलवर भलतीच अक्षरे उमटू लागत, कर्मिट या फाइल पाठवायच्या प्रोग्रामने यंत्राकडे फाइल पाठवताना एकेक पॅकेट चार-चार वेळा पाठवावे लागे, आणि अलीकडे तर पोर्ट अधूनमधून पूर्ण मुका होऊन बसे.

पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात, त्या अर्थी यंत्राकडे येणारी अक्षरे गळत असावीत, असे मी धरून चाललो होतो. ९६०० बॉडवर साधारण १.०४ मिलिसेकंदाला एक अक्षर येते आणि आलेले अक्षर ठेवायला ८२५० मध्ये एकाच बाइटची जागा असते, त्यामुळे ओव्हररनचा, म्हणजे एक अक्षर उचलण्याआधीच पुढचे येऊन आधीचे पुसले जाण्याचा, संशय येणे साहजिक होते. त्या संशयापोटीच मी ड्रायव्हरमधला इंटरप्ट हँडलर (चिपने प्रोसेसरला हाक दिली की चालणारा कोड) आधीच आखूड केला होता. या आठवड्यात एलएसआरमधला (चिपच्या लाइन-स्थिती रजिस्टरमधला) प्रत्येक त्रुटी-बिट मोजायची सोय केली, तेव्हा तीन तासांत एकही आकडा शून्यावरून हलला नाही. येणारी बाजू निर्दोष होती. यंत्राने पाठवलेली पोचच दुसऱ्या टोकाला बिघडून जात होती.

जाणारी बाजू मी आधी तपासली नव्हती असे नाही. ८२५० चे अंतर्गत लूपबॅक (पाठवलेले अक्षर चिपच्या आतच परत घेण्याची चाचणी) दर वेळी यशस्वी होई, पण त्यात अक्षर १४८८ पर्यंत, म्हणजे बिटांना लाइनवरच्या व्होल्टचे रूप देणाऱ्या चिपपर्यंत, पोचतच नाही. कनेक्टरच्या पिन २ वर मल्टिमीटर −१०.६ व्होल्ट दाखवी, पण ती रिकाम्या लाइनची, म्हणजे मार्कची (१ ची), पातळी. एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकत असल्याने स्पेसची (० ची, धन व्होल्टची) पातळी मल्टिमीटरला पकडता येत नाही आणि माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही. मग सुचले की ब्रेक लावला तर लाइन हवा तितका वेळ स्पेसवर धरून ठेवता येईल. कार्ड चाळीस मिनिटे तापू दिले, एलसीआरचा (लाइन-नियंत्रण रजिस्टरचा) ब्रेक लावणारा बिट ६ चढवला आणि प्रोब टेकवला: जिथे नऊच्या आसपास व्होल्ट हवेत, तिथे १.४. समोरच्या टोकाला हे व्होल्ट वाचणाऱ्या १४८९ चिपचा उंबरठा सुमारे सव्वा व्होल्टवर असतो, म्हणजे प्रत्येक शून्य अगदी काठावरून जात होते. −१२ चा पुरवठा ढासळला असता, तर कदाचित काहीच जाणवले नसते, कारण १४८९ शून्य व्होल्टलाही मार्कच मानतो.

स्लॉटच्या बी-९ या +१२ च्या पिनवर ११.९ व्होल्ट होते आणि तोच पुरवठा जिथे पोचायला हवा त्या १४८८ च्या पिन १४ वर ३.३. दोहोंच्या मध्ये एक फेराइट बीड (विजेतला गोंगाट गाळणारा मणी) आहे. लाकडी काडीने तो हलकेच दाबताच आकडा अकराच्या वर गेला. भिंगाखाली त्याच्या पायाभोवती केसाएवढी काळी रेघ दिसली: ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. जुने सोल्डर पूर्ण काढून नवे भरले आणि ब्रेकची पातळी ९.३ वर स्थिरावली. तो आकडा मी बराच वेळ नुसता पाहत बसलो. दिव्यांच्या ब्रेकआउट बॉक्सवर (केबलमधल्या तारांची स्थिती दिव्यांनी दाखवणाऱ्या पेटीवर) मात्र अशा कामासाठी विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. माझ्या बॉक्सवर सारे दिवे शेवटपर्यंत व्यवस्थित लुकलुकत होते.

अक्षरे शुद्ध झाली, तरी पोर्ट मुका होणे थांबले नाही. ८०८८ वर संरक्षण नसल्याने साध्या प्रोग्रामलाही पोर्ट वाचता येतो; पोर्ट मुका असताना आयआयआर (इंटरप्टचे कारण सांगणारे रजिस्टर) वाचला तर २ आला, म्हणजे प्रसारण-रजिस्टर रिकामे झाल्याचा इंटरप्ट तसाच पडून होता. त्या वाचनासरशी तो पुसला गेला आणि टर्मिनलवर दाबलेली पुढची कळ यंत्राला पोचली. इथे उलगडा झाला. या बसवर इंटरप्ट कडेवर, म्हणजे रेषा खालून वर चढते त्या क्षणी, ओळखला जातो. आलेले अक्षर उचलताना दुसरे कारण उभे राहिले आणि हँडलर एकच काम उरकून परतला, तर रेषा खाली येतच नाही आणि नवी कड कधीच उमटत नाही. आयआयआरचा बिट ० एक होईपर्यंत, म्हणजे एकही इंटरप्ट बाकी उरत नाही तोवर, फिरणारे आवर्तन मीच, नसलेल्या ओव्हररनच्या भीतीने, काढून टाकले होते. ते परत घातल्यापासून पोर्ट एकदाही अडकलेला नाही.

आता १६५५०ए ही ८२५० च्या जागी बसणारी सुधारित चिप बसवायची घाई उरलेली नाही, असे लिहिणार होतो. पण हे लिहितानाच सुचले की ८२५० सॉकेटमध्येच आहे, तेव्हा चिप बदलून १९२०० बॉड लगेच आजमावता येईल. फिफो (अनेक अक्षरे रांगेत ठेवणारी जागा) चालू केल्याशिवाय ती फिफो नसलेल्या १६४५० सारखीच वागेल, म्हणून आधी ड्रायव्हर न बदलता ओव्हररन मोजेन आणि मगच फिफो चालू करेन. मागे एका विक्रेत्याकडून आलेल्या चिपवर छाप १६५५०ए चा होता, पण फिफो चालू करून आयआयआर वाचल्यावर वरच्या दोन बिटांपैकी एकच चढला, म्हणजे ती सदोष फिफोची मूळ १६५५० निघाली. नवी चिप आली की सर्वांत आधी हेच दोन बिट वाचणार आहे. तोवर कार्ड उघडेच ठेवले आहे आणि ब्रेकची पातळी रोज, कार्ड तापल्यावर, मोजून वहीत लिहीत आहे.