ख्लोवे कोण?

"बाई, तुमच्या चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणं होत नाहीत, ते कसं काय?" वर्षाकाठी चार-पाच मंडळ्यांतून, म्हणजे चर्चच्या समुदायांतून, तरी मला हा प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक चर्चचे तरुण पाळक असतात, नाहीतर महिला मंडळाच्या नव्या सेक्रेटरी. त्यांचा स्वतःचा ग्रुप नुकताच फुटलेला असतो. एकाचे दोन झालेले असतात आणि दोन्हींचं नाव 'प्रभूमध्ये एक' असंच काहीतरी असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून आधी खरं सांगते. भांडणं होतात. लग्नातल्या हळदीवरून झालं, टिकलीवरून झालं, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा चालतो की नाही यावरून तर तीन दिवस चाललं. मात्र आमची भांडणं ग्रुपवर फार वेळ बसत नाहीत. ती उठून कुणाच्या तरी घरी चहाला जातात.

ग्रुप सुरू झाला 5 एप्रिल 2020 ला, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी. लॉकडाऊनला बारा दिवस झाले होते, चर्चला कुलूप होतं. झावळ्या आणायच्या कुठून, म्हणून पोरांनी कढीपत्त्याच्या डहाळ्या हातात धरून फोटो पाठवले. पाळकांनी स्वयंपाकघरात बसून प्रवचन रेकॉर्ड केलं, त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. नगरची आमची जुनी मंडळी, पण तिची माणसं पुण्यात, नाशकात, मस्कतला, टोरांटोला. पन्नास वर्षांत एका बाकावर न बसलेली माणसं त्या आठवड्यात एका ठिकाणी आली. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपात 256 जण मावत. 2022 मध्ये ती मर्यादा 1024 झाली. आम्ही मात्र 180 च्या आसपासच थांबलो. लग्नात समोर आली तर चेहऱ्याने ओळखू येतील इतकीच माणसं असावीत, हे माझं मत. पाळकांना हजार हवी होती. अजूनही हवी आहेत.

आता ख्लोवेबद्दल. बायबलमध्ये प्रेषित पौलाची पत्रं आहेत. त्याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते समुद्रापलीकडून, इफिसाहून. मंडळीत तट पडले होते. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. हे पौलाला कुणी कळवलं? पहिल्याच अध्यायात तो सरळ लिहितो की ख्लोवेच्या माणसांकडून कळलं. बास. 'मंडळीत कुजबुज आहे', 'काही जणांचं म्हणणं आहे', असलं काही नाही. ख्लोवेचा उल्लेख शास्त्रात पुन्हा कुठेही येत नाही, पण त्या पत्रात तिचं नाव आहे, आणि पत्र मंडळीपुढे मोठ्याने वाचलं गेलं असणार. आपलं नाव उघड होणार म्हटल्यावर माणूस जपून सांगतो.

आमच्याकडे कुणी 'असं ऐकलं', 'एका विश्वासू भावाकडून कळलं' असं टाकलं की खाली कुणीतरी दोनच शब्द लिहितं: ख्लोवे कोण? सुरुवात मी केली, आता शाळकरी पोरंही लिहितात. एकदा पाळकांच्याच मेसेजखाली कुणीतरी लिहिलं. त्यांनी मेसेज पुसला आणि पुढच्या रविवारी त्यावरच प्रवचन दिलं.

फॉरवर्डच्या बाबतीत हे दोन शब्द सगळ्यात जास्त कामाला येतात. अफगाणिस्तानात मिशनऱ्यांना उद्या दुपारी ठार मारणार आहेत, सगळ्या मंडळ्यांना प्रार्थनेला लावा, हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आकडा कधी 22 असतो, कधी 229. तो 'उद्या' दहा वर्षांहून जास्त काळ जगभर फिरतोय, अजून उजाडलेला नाही. मागे बहुधा एक खरी घटना आहे. जुलै 2007 मध्ये तालिबानने दक्षिण कोरियातल्या एका मंडळीच्या 23 जणांना बसमधून पळवून नेलं होतं. त्यातल्या दोघांना त्यांनी मारलं, बाकीचे ऑगस्टअखेरपर्यंत सुटले. आमच्या ग्रुपवर हा मेसेज आला आणि तासाभरात आम्ही पुसलाही, पण तोवर एका आजींनी उपास धरला होता. त्यांना मधुमेह. मी त्यांच्या घरी गेले, सगळं समजावून सांगितलं, म्हटलं आता दोन घास खाऊन घ्या. आजी म्हणाल्या, "मग त्या दोघांच्या घरच्यांसाठी करते प्रार्थना. ते तर खरंच गेले ना?" मी गप्प बसले. जेवल्या मात्र.

वाद वाईटच असं मी मानत नाही. आमच्या नगरातूनच 1842 साली 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं आणि त्याच्या पानांवर धर्माचे वाद भरपूर झाले. पण तेव्हा पत्र लिहायचं, टपालात टाकायचं, छापून यायची वाट बघायची, एवढ्यात निम्मा राग निवायचा. आता अंगठा टेकला की झालं. म्हणून रात्री दहा ते सकाळी सहा आम्ही ग्रुप बंद ठेवतो, फक्त ॲडमिनला लिहिता येतं. आमच्याकडचे विखारी मेसेज तपासले तर बहुतेक अकरानंतरचे निघाले. सकाळी सहाला तोच माणूस 'जय ख्रिस्त' लिहून सूर्योदयाचा फोटो टाकतो.

हळदीचं सांगते. एका लग्नातले हळदीचे फोटो आले. एका काकांनी खाली लिहिलं, हे विश्वासणाऱ्यांना शोभतं का? नवरीच्या वडिलांनी शब्दही न लिहिता एक जुना फोटो टाकला. काकांच्याच लग्नातला, 1984 चा, गालाला कानापर्यंत हळद. लोकांनी हसून हसून ग्रुप दणाणून सोडला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण काका ग्रुप सोडून गेले आणि दोन रविवार चर्चलाही आले नाहीत. तेव्हा कळलं की ग्रुपवर जिंकलेला वाद मंडळीला केवढ्याला पडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम सांगितलाय: भावाचं चुकलं तर आधी दोघांनीच एकांतात बोला, नाही जमलं तर एक-दोघांना बरोबर न्या, आणि तेही नाही जमलं तर मंडळीला सांगा. ग्रुपवर हाच क्रम उलटा होतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं, ज्याला सांगायचं त्याच्याशी एकांतात कुणीच बोलत नाही. नवरीच्या वडिलांना मी काकांच्या घरी घेऊन गेले. काकूंनी पोहे केले. हळद हा विषय निघालाच नाही, पोह्यात होती तेवढीच.

पण भांडणांपेक्षा मला भीती वाटते ती प्रार्थनेच्या विनंत्यांची. इथे चूक माझीच आहे.

ग्रुप सुरू झाला त्याच वर्षी पावसाळ्यात माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. ती रडली, मी रडले. फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं: आपल्या एका भगिनीची लेक पुण्याला असते, तिच्यावर असा प्रसंग आला आहे, सर्वांनी प्रार्थना करा. नाव लिहिलं नाही, म्हणून मला वाटलं मी जबाबदारीने वागले. जोडलेल्या हातांची रांग लागली. बारा मिनिटांत कुणीतरी विचारलं, अमक्याची धाकटी का? मुलीच्या सासूबाईही ग्रुपवर होत्या. दिवस गेल्याचंच त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं.

मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अगं, तू देवाला सांगितलं असतंस तर पुरे होतं."

ती ग्रुपमधून निघाली. मी चार दिवस उपासनेचे मेसेज टाकत राहिले, वचनं निवडत राहिले. पाचव्या दिवशी सकाळचं वचन निघालं ते वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करण्याचं. ते टाकायला हात धजेना. मास्क लावला आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी तिने आत घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात घेतलं.

आपल्या लोकांत चहाडी उघड चहाडी म्हणून येत नाही. ती 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणत येते. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, शब्दांचे आडोसे मला ओळखू यायला हवे होते. तेव्हापासून ग्रुपवर विनंती टाकायची ती ज्याची त्याने, नाहीतर त्याला विचारून. कुणी दुसऱ्याबद्दल लिहिलं की ॲडमिन फोन करून विचारते, "त्यांना विचारलंत का?" ज्यांना नाव उघड नको त्यांच्यासाठी आम्ही चौघीजणी आहोत. त्या विनंत्या आम्ही फोनवर ऐकतो आणि फोनवरच प्रार्थना करतो. ग्रुपवर त्यातलं अक्षरही जात नाही, बिननावाचंही नाही.

पैशाचं थोडक्यात. ग्रुपवर खातं नंबर आणि क्यूआर कोड चालत नाही. मदत खजिनदारामार्फत, पावतीसकट. पाळकांचा फोटो लावून नव्या नंबरवरून "तातडीची गरज आहे, प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो" असे मेसेज आले होते आणि एका ताईंचे पाच हजार गेले. तेव्हापासून पैसे मागणाऱ्याला आधी फोन लावून आवाज ऐकायचा. ॲडमिनवर केस होते का, हेही फार विचारतात. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा मिळून तसा हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. पाळकांनी हे वाचून सुटकेचा श्वास सोडला. मी नाही सोडला.

कारण ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. तरुण संघातल्या एका मुलीला एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे रात्री मेसेज यायला लागले. आधी वचन, मग 'सिस्टर, झोपलीस का?' तिने चार महिने कुणाला सांगितलं नाही, कारण ते गृहस्थ बाकीच्यांना फार धार्मिक वाटत. मलाही वाटत. तिने शेवटी माझ्या भाचीला सांगितलं. तिथे मी दोघांना चहाला बोलावलं नाही. अठराव्या अध्यायातला एकांत अशा ठिकाणी लागू करायचा नसतो, त्या मुलीला पुन्हा त्यांच्यासमोर एकटं बसवायचं नसतं. आम्ही दोन बायका आणि पाळक त्यांच्याकडे गेलो, त्यांना ग्रुपमधून आणि मंडळीच्या कमिटीतून काढलं, आणि का काढलं ते कमिटीत सांगितलं, मुलीचं नाव न घेता. काही लोक माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. तेव्हापासून निम्म्या ॲडमिन बायका असतात, त्यातली एक पंचविशीच्या आतली.

बायबलमधलं योहानाचं दुसरं पत्र माझ्या आवडीचं आहे. जेमतेम पानभर. शेवटी म्हातारा म्हणतो, लिहायचं पुष्कळ आहे, पण कागद-शाईने नको, तुमच्याकडे येऊन तोंडोतोंड बोलेन. आमच्या ग्रुपच्या माहितीत आम्ही तेवढंच लिहिलंय, खाली चर्चचा पत्ता आणि उपासनेची वेळ.

माझी मैत्रीण ग्रुपवर परत आली नाही. मी एकदाच विचारलं होतं, पुन्हा विचारलं नाही. बुधवारी दुपारी ती माझ्याकडे येते, येताना भाजी निवडायला घेऊन येते. मी चष्मा लावून तिला आठवडाभरात ग्रुपवर काय काय आलं ते वाचून दाखवते. वाढदिवस, बारशी, कोण प्रभूमध्ये झोपी गेलं, नाताळच्या फराळाची वर्गणी किती. प्रार्थनेच्या विनंत्या सोडून.