आई-बाप फडावर, आणि फॉर्मला सही त्यांचीच पाहिजे

तिसरीतल्या माझ्या पुतण्याला शाळेतच समुपदेशन मिळालं आणि त्याला गुणही आला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, कशाला या भानगडीत पडायचं. पडायचं. पण मधे एका टेबलावर आमचा कागद जो अडकवून ठेवला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमच्या भागातल्या कितीतरी घरांवर हीच वेळ येते, म्हणून लिहितोय.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते ती पाडव्याच्या आगेमागे परत. पहिली-दुसरीत पोरगं त्यांच्याबरोबर जायचं, म्हणजे निम्मं वर्ष शाळेत आणि निम्मं फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत. गेल्या हंगामात आम्ही ठरवलं, आता त्याला न्यायचं नाही. माझ्याकडं आणि आईकडं राहील. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो, इथंही तेच नाव ठेवतो.

सोन्या घरी भरपूर बोलतो. आजीशी भांडतो, फोनवर बापाला आधी बैलांचं विचारतो, मग आईचं. पण शाळेच्या फाटकातून आत गेला की तोंड बंद. हजेरीला नुसता हात वर. लघवीला जायचं म्हणून सांगायचा नाही, ओल्या चड्डीनं घरी यायचा. वर्गशिक्षक समजूतदार माणूस. त्यांनी मला बोलावून वही दाखवली, गणितं सगळी बरोबर. ‘वाचून दाखव म्हटलं की मान खाली घालतो, अंग ताठ करतो. मी जास्त ताणत नाही,’ म्हणाले. गावात मात्र चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे लेकरू मुकं झालं, कुणी म्हणे बाहेरचं आहे, अंगारा लावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं तेव्हा डॉक्टरांनी कानाची तपासणी करून घ्या म्हणून लिहून दिलं. ती झाली, कान ठणठणीत.

एका रात्री मी 14416 ला फोन लावला. ही टेलि-मानस सेवा केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केली. फोनला पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, फोनवरून निदान करता येत नाही, पण घरात बोलणारं मूल ठरावीक जागी महिना उलटून गेला तरी बोलतच नसेल, तर ‘सिलेक्टिव म्युटिझम’ असू शकतं. तो हट्ट नसतो, भीती असते. एकतर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, नाहीतर शाळेमार्फत प्रयत्न करा.

आम्ही शाळेमार्फत गेलो. भीती शाळेत आहे तर उपायही शाळेतच व्हावा, हा माझा विचार. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला स्वतःचा समुपदेशक नसतो. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, ते तालुक्याच्या गट साधन केंद्राला बसतात आणि शाळाशाळांना भेटी देतात. मुख्याध्यापकांनी शिफारसपत्र लगेच दिलं, केंद्रप्रमुखांनी त्यावर सही केली. माझं स्वतःचं सेवा केंद्र आहे, लोकांचे फॉर्म भरणं हाच माझा धंदा. मला वाटलं, काम झालं.

तालुक्याच्या कार्यालयात फॉर्म दिला. टेबलावरच्या माणसानं शेवटचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. पालकांचं संमतीपत्र, आई किंवा वडील.

‘आई-वडील ऊसतोडीला गेलेत. लेकरू माझ्याजवळ राहतंय. मी सख्खा चुलता आहे.’

‘चुलता चालत नाही.’

‘कुठं लिहिलंय तसं?’

‘फॉर्म वरून आलेला आहे.’

भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘ये म्हणशील तर येतो, पण खाडा धरतील. आन ही एकली ऊस तोडील का मोळ्या वाहील?’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक जण उठून आलं की दुसऱ्याचं कामही बुडतं, आणि बुडलेल्या दिवसाचा खाडा मुकादम उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशाच्या, हिशेबात वळता करतो. एका सहीची एवढी किंमत! तीही एका कागदासाठी, ज्यात फक्त एवढंच लिहिलंय की लेकराशी कुणीतरी बसून बोलावं.

मग मी कोरं संमतीपत्र भावाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यानं कारखान्याजवळच्या दुकानातून प्रिंट काढली, सही केली, फोटो पाठवला. तो घेऊन गेलो तर म्हणे फोटो चालत नाही, ओरिजनल आणा. ओरिजनल कागद एका ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती मागवला. तर म्हणे, ही सही त्यांचीच कशावरून, समोर झाली पाहिजे. मग बॉन्डवर प्रतिज्ञापत्र. मग दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर जोडा. लेकरू दिव्यांग नाही, ते बोलायला घाबरतंय, हे मी किती वेळा सांगायचं? दर वेळी एक कागद सांगायचे, तो नेला की दुसरा. जो काय लागतो तो सगळा एकदाच लिहून द्या म्हटलं, तर लिहून कुणी देईना. आणि या सगळ्यात तालुक्याला मुलांच्या तपासणीचं शिबिर भरलं, ते निघून गेलं. सोन्याचं नाव यादीतच नव्हतं. त्या दिवशी मी कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिलो होतो, हातात फाइल. कुणावर ओरडावं तेही कळेना.

मला चीड कशाची येते ते नीट सांगतो. ऊसतोड कामगारांची लेकरं गावातच राहावीत, शाळा सुटू नये म्हणून शिक्षण खातंच गावोगाव हंगामी वसतिगृहं चालवतं. आई-बाप फडावर गेले की लेकरं आजीकडं, चुलत्याकडं, मावशीकडं राहतात, हे या खात्याला दरवर्षीच्या अनुभवानं माहीत आहे. शाळेच्या भिंतींवर ‘स्थलांतर रोखा’ लिहिणारे तेच. आणि त्याच खात्याचा फॉर्म ऐन हंगामात म्हणतो, आई किंवा वडिलांना समोर उभं करा. आम्ही तुमचं ऐकून लेकरू मागं ठेवलं, तर त्याच्या जवळ जो आहे त्याची सही तुम्हाला चालत नाही!

तोड कायद्यातच निघाली, आणि ती मी शोधली. शिक्षण हक्क कायद्याचं, 2009 चं, राजपत्र डाउनलोड केलं आणि रात्री दुकानात बसून सुरुवातीपासून वाचलं. फार पुढं जायची गरजच पडली नाही. कलम 2 मध्ये व्याख्या आहेत. मूल ज्याच्या देखभालीत आणि ताब्यात आहे तो पालक, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. नैसर्गिक किंवा कोर्टानं नेमलेला पालक त्यात येतोच, पण आधी बघायचं ते लेकरू सांभाळतं कोण. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना ते पान दाखवलं. म्हटलं, सर, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव द्या. समितीत किमान पाऊण सदस्य पालकच असतात, आणि आमच्या समितीतल्या अर्ध्या लोकांच्या घरचं कुणी ना कुणी फडावर होतं. ठराव एका बैठकीत झाला: सदर विद्यार्थी आई-वडिलांच्या स्थलांतराच्या काळात चुलत्याच्या देखभालीत व ताब्यात आहे.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे केला. अगदी छोटा. कलम 2 मधली व्याख्या लिहिली, ठराव जोडला, आणि शेवटी हे वाक्य: ‘माझी संमती ग्राह्य धरता येत नसल्यास त्याचे कारण व नियम लेखी कळवावा, ही विनंती.’ दोन प्रती नेल्या. एक आवक टेबलाला दिली, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. हे विसरू नका. तोंडी ‘नाही’ म्हणायला कुणाला काही लागत नाही, लेखी ‘नाही’ द्यायची वेळ आली की माणूस नियम शोधायला लागतो. आमच्या बाबतीत तो सापडला नाही. त्याच टेबलावर, त्याच माणसानं, माझ्या सहीचा तोच फॉर्म घेतला. मान वर करून बघितलंही नाही.

पुढचं भराभर झालं. पुढच्या शिबिरात मानसशास्त्रज्ञांनी सोन्याला पाहिलं, कानाचे कागद बघितले, माझ्याशी आणि वर्गशिक्षकांशी बोलले, निदान तेच. औषध काही नाही. विशेष शिक्षिका मॅडम दर आठवड्याला शाळेत येतील असं ठरलं.

त्यांच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण मी आधी वेगळंच डोक्यात धरलं होतं. मला वाटलं, समोर बसवून समजावतील. मॅडमनी त्याला ‘बोल’ असं कधी म्हटलंच नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात सोन्या आणि माझी मुलगी, दोघांना चिंचोके घेऊन बसवलं. मॅडम लांब खिडकीशी वही तपासत बसल्या. पोरं चिंचोके मोजायची, सोन्या माझ्या मुलीच्या कानात आकडा सांगायचा. पुढच्या वेळी मॅडम थोड्या जवळ. मग त्याच सतरंजीवर. एक दिवस डाव रंगात असताना वर्गशिक्षक ठरल्याप्रमाणे दारात येऊन उभे राहिले. आकडे थांबले. सोन्याची मूठ तशीच बंद. मॅडमनी वर पाहिलं नाही, फक्त आणखी ओंजळभर चिंचोके ओतले आणि आपले मोजायला लागल्या, वीस, एकवीस, बावीस, आणि थांबल्या. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग सोन्या म्हणाला, ‘तेवीस.’ हळू, पण दारापर्यंत ऐकू गेलं. गुरुजी तसेच मागं फिरले, शाबासकी नाही, टाळी नाही. तेही मॅडमनीच आधी सांगून ठेवलं होतं. बोलल्यावर सगळ्यांनी गलका केला की लेकरू पुन्हा मिटतं.

घरच्यांना सांगितलेल्या गोष्टी: त्याच्या वतीनं आपण उत्तर द्यायचं नाही. ‘पाणी पाहिजे का?’ असं विचारलं की ते मान हलवून सुटतं. ‘पाणी पाहिजे का चहा?’ असं विचारायचं, आणि विचारून झालं की मनात पाचपर्यंत मोजत गप्प बसायचं. पाहुण्यांसमोर ‘हा बोलतच नाही’ हे वाक्य बंद. आईला हे शेवटचं जड गेलं, पण तिनं पाळलं. आणि बोल, म्हणजे खाऊ देते, असली लालूच नाही.

आत्ता सोन्या हजेरीला ‘हजर’ म्हणतो. लघवीला जाऊ का, असं गुरुजींच्या जवळ जाऊन विचारतो. परिपाठात उभं राहून बोलणं अजून होत नाही, आणि त्याची घाई कुणाला नाही. भाऊ-वहिनी पाडव्याला आले तेव्हा गुरुजींनी घरी येऊन सगळं सांगितलं, वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होती.

आता आठवतंय ते लिहून ठेवतो. शिबिर हुकलं तेव्हाच जिल्हा रुग्णालयात जाता आलं असतं. तिथं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक असतात आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. जिल्ह्याचं गाव जवळ असेल तर दोन्ही वाटा एकदमच धरा. कानाची तपासणी आधीच करून कागद जवळ ठेवा, तो सगळे मागतात. दिव्यांग प्रमाणपत्र आम्हाला शेवटपर्यंत लागलं नाही. आणि कुठल्याही फॉर्मवर ‘मुका’ असा शब्द कुणी लिहीत असेल तर तिथल्या तिथं खोडायला लावा. ‘शाळेत बोलत नाही’ एवढंच लिहा.

यंदा टोळ्या निघायच्या आधीच आमच्या शाळेच्या समितीनं एक बैठक घेतली. जी लेकरं मागं राहणार, त्यांची यादी केली, प्रत्येकाच्या नावापुढं हंगामात सांभाळणाऱ्याचं नाव लिहिलं आणि आई-बाप गावात होते तोवर त्यांच्या सह्या घेतल्या. ठरावाचा मसुदा मीच माझ्या दुकानात टाइप केला. कुण्या गावाला नमुना पाहिजे असेल तर आपल्या मुख्याध्यापकांना एवढंच सांगा: लेकराचं नाव, इयत्ता, स्थलांतराचा काळ, सांभाळणाऱ्याचं नाव आणि नातं, ‘देखभालीत व ताब्यात’ हे शब्द जसेच्या तसे, आणि खाली समितीच्या अध्यक्षांची व सचिवांची सही. दसऱ्याच्या आत.